भाषा बदलायची कुणी?

आमच्या बेळगावात माणूस समोर आला की त्यानं तोंड उघडायच्या आधीच आपल्या मनात ठरून गेलेलं असतं, ह्याच्याशी कुठल्या भाषेत बोलायचं. कपाळावर विभूती आहे का, गाडीवरचा स्टिकर भगवा आहे की कन्नड झेंड्याचा लाल-पिवळा, सोबतचं पोरगं आईला काय म्हणून हाक मारतंय, सगळं एका नजरेत बघून घेतो आम्ही आणि बघतोय हे आपलं आपल्याला कळत पण नाही. खडेबाजारातला कापडवाला तर गिऱ्हाईक चप्पल काढेपर्यंत ओळखतो, "या काकी" म्हणायचं की "बर्री अक्कार". चुकला तर दुसऱ्या वाक्याला भाषा बदलतो आणि साडी उलगडायला घेतो.

तो बदलतो कारण त्याला साडी विकायची आहे. इतकी वर्षं इथं राहून मला हेच दिसत आलंय की दोन भाषांची माणसं एकत्र आली की ज्याचं समोरच्यावाचून अडतं तो भाषा बदलतो. बाजारात ते चालून जातं, आज त्याचं अडलं उद्या माझं अडेल. पण घरात सुनेचं अडतं, कामावर हेल्परचं अडतं, ऑफिसच्या खिडकीसमोर शेतकऱ्याचं अडतं, आणि तिथं रोज एकच बाजू वाकत राहिली की नात्यात काहीतरी साचायला लागतं. आम्ही भाषेवरून भांडतो ते पाट्यांवरून, बसवरून, नकाशावरून. हे आतलं साचणं कुणी बोलून दाखवत नाही, म्हणून लिहायला बसलेय.

नकाशाचं भांडण खोटं आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, शेजारचा चंदगड तालुका तिकडंच राहिला, आणि आमच्या घरातल्या बायकांची माहेरं एका रात्रीत दुसऱ्या राज्यात गेली. सीमावादावर महाजन आयोग झाला, १९६७ ला अहवाल आला, २००४ पासून सुप्रीम कोर्टात महाराष्ट्राचा दावा पडून आहे, २०१४ ला गावाचं नाव बेळगावी झालं. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात माणसं गेली, त्यांचं स्मारक हिंडलग्यात आहे. माझे आप्पा दरवर्षी १ नोव्हेंबरला दंडाला काळी फीत बांधून मूक सायकल फेरीला जातात, आता गुडघे दुखतात तरी जातात. अशा घरात माझ्या भावानं बैलहोंगल तालुक्यातली लिंगायत मुलगी करून आणली.

लग्नात आमच्याकडच्या बायकांनी वहिनीला अडवलं, नाव घे म्हणून. मराठी तिला तेव्हा चार शब्द येत होतं. ती जरा थांबली आणि सरळ कन्नडमध्ये सुरू झाली, त्यांच्यात त्याला वडपू म्हणतात, तसंच यमक, तसाच शेवटी नवऱ्याचा नंबर. मधलं काय कुणालाच कळलं नाही पण शेवटी भावाचं नाव आलं आणि मांडवात जो गलका झाला म्हणता! माझी आत्ती तर तिला मिठी मारून म्हणाली, आगं आमच्यासारखंच हाय की गं तुमचं. त्या दिवशी सगळ्यांनाच वाटलं की हे सोपं जाणार.

सोपं गेलं नाही. भाषा तर ती सहा-आठ महिन्यांत शिकली, वाक्यं तोडकी असली तरी भाजीवाल्याशी भांडण्याइतपत शिकली. अडलं ते न बोललेल्या गोष्टींवर. आम्ही मराठे, रविवारी मटण ठरलेलं. तिच्या घरात कांदा-लसूण चालतं पण अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. ती काही बोलली नाही, रविवारी डोकं दुखतंय म्हणून माडीवर जाऊन पडायची. आईला वाटायचं, पोरगीला गर्व हाय, आमच्या ताटात तिला कमीपणा वाटतोय. वहिनीला वाटायचं की आपण होऊन बोललं तर सासूचा अपमान होईल, त्यांनी विचारायला पाहिजे. आई म्हणायची तिनं सांगायला पाहिजे. दोघी एकमेकींचा मान राखत राखत जवळजवळ वर्षभर एकमेकींपासून लांब गेल्या.

पंचमीला तर कहर झाला. पंचमी आमच्यातपण असते, झोके बांधतात, पण आमचा खरा सण गौरी-गणपती, तेव्हा सून घरात पाहिजेच. बैलहोंगलकडं पंचमी म्हणजे लेकीचा सण, भाऊ न्यायला येतो, शेंगांच्या, तिळाच्या, तंबिटाच्या उंड्या म्हणजे लाडू करतात, डबे भरून नात्यात वाटतात. लग्नानंतरची पहिली पंचमी. वहिनीच्या भावाचा फोन आला, कधी येऊ न्यायला? ती म्हणाली सांगते. आणि वाट बघत बसली की सासू म्हणेल जाऊन ये. आई वाट बघत होती की हिला जायचं असेल तर विचारेल. कुणीच कुणाला काही बोललं नाही, पंचमी आली आणि गेली. दोन दिवसांनी वहिनीची आईच उंड्यांचा डबा घेऊन बसनं आली, मराठी एक अक्षर नाही, चौकटीतच उभी राहिली आणि आईला धारवाडी कन्नडमध्ये मोठ्या आवाजात जे काय म्हणाली त्यातलं आईला फक्त पंचमी कळलं. त्या बाजूचं कन्नड ऐकायची सवय नसेल तर आपल्याला भांडणच वाटतं. आईलाही वाटलं. आत भाऊ होता म्हणून बरं, त्यानं सांगितलं की त्या विचारतायत, लेकीची तब्येत बरी नाही का, आली का नाही?

त्या दिवशी स्वयंपाकघरात दोघी विहिणी आणि मध्ये वहिनी अशा बसल्या आणि जेवढं साचलं होतं तेवढं निघालं, रडारड झाली, चहा दोनदा झाला. मटणाची चूल तेव्हापासून मागच्या पडवीत गेली, भांडी वेगळी झाली. माझ्या मनात राहिलं ते दुसरंच. वर्षभर वहिनी मराठी शिकत होती आणि आम्ही कुणीच कन्नड बोलत नव्हतो, येत असून. भाऊ बोलतो, मी बोलते, आप्पांना तर आडतीवर बसून बसून झकास कन्नड येतं. पण घरात आलं की मराठी, कारण घर आमचं. तिच्या आईसमोर आप्पा पहिल्यांदा घरात कन्नड बोलले, "कूडरी, ऊटा माडरी" म्हणाले, बसा, जेवा. बाहेर फेरीला जाणारा माणूस. मी नंतर विचारलं तर म्हणाले, "माझं भांडण दिल्लीशी आन बेंगळूरशी हाय, विहीणबाईशी कशाला आसंल?"

आता परिस्थिती अशी आहे की १ नोव्हेंबरला सकाळी एकाच घरातून दोघं बाहेर पडतात. भाचा शाळेच्या राज्योत्सवाला, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापना दिवसाला, गळ्यात लाल-पिवळी शाल, आदल्या आठवड्यापासून पाठ केलेलं कन्नड भाषण, जे त्यानं आप्पांनाच म्हणून दाखवलेलं असतं आणि आप्पांनी ते चार-चार वेळा ऐकलेलं असतं. आणि आप्पा, काळी फीत बांधून. आई दोघांना पोहे देते. एकदा पोरानं विचारलं, आजोबा काळी का? आप्पा म्हणाले, आमचं गाव आम्हाला न इचारता दिलं म्हणून. पोरगं म्हणालं बरं, आणि बूट घालून गेलं. लोक विचारतात तुमच्या घरात हे कसं चालतं. चालतं, कारण ह्या घरात कुणी कुणाला आपलं सोडायला लावत नाही. पण हे आपोआप झालेलं नाही, त्याला त्या पंचमीसारखे बरेच दिवस खर्ची पडलेत.

इथून जवळच, सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा एक जुना अभ्यास भाषाशास्त्रात फार प्रसिद्ध आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन ह्या दोघांनी १९७१ साली तो छापला. गावात जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुसलमान घरांत उर्दू, काही कष्टकरी घरांत मराठी. तीन-चारशे वर्षं शेजारी राहून ह्या भाषांचं व्याकरण इतकं जवळ आलं होतं की एका भाषेतलं वाक्य घ्यायचं, शब्द बदलत जायचं, की दुसऱ्या भाषेतलं वाक्य तयार. पण घरात मात्र प्रत्येकानं आपली भाषा वेगळीच ठेवलेली. हे वाचलं तेव्हा मला आमचीच गल्ली दिसली. वाक्यांची ठेवण एक होते, सूर एक होतो, पुण्याला गेलं की नातेवाईक आमचं मराठी ऐकून हसतात, बायका असून "मी येतो, मी जेवलो" काय म्हणता म्हणून. इतकं सगळं एक होऊन सुद्धा उंबरा ओलांडताना भाषा बदलायचीच, ही शिस्त काही सुटत नाही.

भाषणात लोक मोठी नावं घेतात. धारवाडच्या बेंद्र्यांच्या घरात मराठी आणि कविता कन्नडमध्ये, १९७३ चं ज्ञानपीठ मिळालं. कुमार गंधर्व आमच्या सुळेभावीचे, घर कन्नड, आणि मराठी माणूस त्यांना आपलाच समजतो. अभिमान मलाही आहे. पण ती माणसं दोन भाषांत राहिली ती मनानं. हेल्पर पोरगं चार भाषांत राहतं ते पोटासाठी, आणि त्याचं कौतुक कुणी करत नाही.

मी उद्यमबागमधल्या एका मशीनशॉपमध्ये हिशेब आणि डिस्पॅच बघते. फौंड्रीतून कास्टिंग येतं, आमच्याकडं मशीनिंग होतं. ऑपरेटर येळ्ळूर, मच्छे, पिरनवाडी इकडचे मराठी, सुपरवायझर सौंदत्ती-बैलहोंगल बाजूचे कन्नड, हेल्पर ओडिशा-बिहारकडचे, त्यामुळं मधली भाषा एक कशीतरी हिंदी, जी कुणाचीच नाही. मागं एका जॉबचं रिजेक्शन फार वाढलं. सुपरवायझर मशीनच्या आवाजात लांबून ओरडून सांगायचा आणि पोरं "हां जी, हां जी" म्हणायची. तो म्हणायचा सांगितलं, पोरं हां म्हणाली, मग चुकतात कशी, मुद्दाम करतेत. आता त्या पोरांचं हां म्हणजे तुमचं बोलणं कानावर पडलं एवढंच होतं. मोठ्या माणसाला कळलं नाही म्हणून सांगायचं म्हणजे तुम्हाला नीट सांगता आलं नाही असं म्हटल्यासारखं, ते त्यांच्या तोंडातून निघणार नाही. आमच्यातला एक जुना ऑपरेटर आहे, त्यानं आपणहून एक गोष्ट सुरू केली, गो-नोगो गेज, म्हणजे माप बसतंय की नाही बघायचं साधन, पोराच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, आता तू मला दाखव. सांगू नको, दाखव. त्या जॉबचं रिजेक्शन कमी झालं आणि पोरं त्याला काका म्हणायला लागली.

मान-अपमानाचा एक फार नाजूक प्रकार आहे, तो मी कामावरच पहिल्यांदा नीट बघितला. दुसरी भाषा आपण शिकतो ती रस्त्यावर, मित्रांत, बाजारात, म्हणजे एकेरीत शिकतो. चंदगडकडचा एक नवीन मुलगा आला, हुशार, महिन्यात कामापुरतं कन्नड बोलायला लागला. पण पन्नाशीच्या सुपरवायझरला तो "इल्लि बा, कोडु" म्हणायचा, इकडं ये, दे. त्याला वाटायचं आपण त्यांच्या भाषेत बोलतोय, त्यांना बरं वाटेल. सुपरवायझरचं तोंड रोज लहान होत चाललेलं. शेवटी गेटवरच्या म्हाताऱ्या वॉचमननं पोराला बाजूला घेऊन सांगितलं, बाळा, काय पण बोल, पण माघं "री" लाव. पोरानं दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक शब्दाला री लावायला सुरुवात केली, जिथं लागत नाही तिथंही, आणि सगळं शॉप हसलं, सुपरवायझरसुद्धा. तेव्हापासून त्या दोघांचा डबा एकत्र असतो. मला सारखं वाटतं की इथल्या किती भांडणांच्या मुळाशी असं एखादं "री" राहून गेलेलं असेल. २०२५ च्या फेब्रुवारीत आमच्या तालुक्यात बसच्या तिकिटावरून कंडक्टरशी वाद झाला, मारहाण झाली, काही दिवस दोन्ही राज्यांच्या बसेस सीमा ओलांडेनात, २२ मार्चला कर्नाटक बंद झाला. त्या बसमध्ये कोण काय बोललं ह्यावर दोन्हीकडं वेगवेगळं सांगतात. पण ज्यांचं पोट रोजच्या बसवर आहे ती आमची पोरं त्या दिवसांत कामावर येऊ शकली नाहीत, मराठी पण आणि कन्नड पण, हे मी हजेरीच्या वहीत बघितलंय.

कामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली सगळे व्हॉइस मेसेजच टाकतात. कारण साधं आहे, मराठी शाळेत शिकलेले आमचे कितीतरी ऑपरेटर कन्नड फडाफडा बोलतात पण वाचता येत नाही, आणि कन्नडवाल्यांना मराठी कळतं पण देवनागरी वाचायला वेळ लागतो. टाइप केलेला मेसेज म्हणजे साहेबाचा हुकूम, आवाज आला की माणूस. मला ही पद्धत फार आवडते.

आता शाळा, आणि हे लिहिताना मला जरा त्रास होतोय. २०१५ च्या कायद्यानं कर्नाटकातल्या प्रत्येक शाळेत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवतात, त्यामुळं आमच्या पोरांना कन्नड लिहिता-वाचता येतं आणि आई-बापाला येत नाही. मिटिंगला गेलं की बाई कन्नड-इंग्रजीत बोलतात, आई गप्प, आणि पोरगं आपलीच तक्रार आपल्या तोंडानं मराठीत करून सांगतं. बहुतेक पोरं ती सौम्य करून सांगतात हे सगळ्यांना माहीत आहे. आमचा भाचा तर लहान असल्यापासून आई आणि आजीच्या मधला निरोप्या, वहिनी चिडून कन्नडमध्ये काहीतरी म्हणायची आणि हा पाच वर्षांचा आजीला जाऊन सांगायचा, आई म्हणतीया जरा दमलीय. कुणी शिकवलं त्याला? लोक ह्याचं कौतुक करतात, मी पण केलंय. पण मोठ्यांच्या बोलण्यातली धार आपल्या अंगावर घेऊन बोथट करायचं काम पाच वर्षांच्या पोराचं नाही.

मी हे काम केलंय म्हणून सांगते. आमच्या जमिनीचे आजोबांच्या वेळचे कागद मराठीत, त्याआधीचे मोडीत, नंतरचे कन्नडमध्ये, आणि २००० च्या सुमाराला भूमी योजनेत सगळे उतारे कॉम्प्युटरवर आले ते कन्नडमध्येच. आप्पांना बोलता येतं, वाचता येत नाही. मला शेजारच्या मैत्रिणींमुळं कन्नड वाचता यायचं, म्हणून शाळेत असल्यापासून आप्पा मला घेऊन ऑफिसात जायचे. खिडकीतला माणूस आप्पांकडं न बघता मला विचारायचा, तुझ्या बापाला काय पाहिजे? आप्पा माझ्या मागं उभे, टोपी हातात. गावात चार माणसं ज्यांचा शब्द मानायची ते माझे आप्पा. मी सांगायचे, तो काहीतरी चिडून बोलायचा, आणि मी मागं वळून आप्पांना सांगायचे की पुढच्या सोमवारी या म्हणालेत. चिडलेला भाग मी कधीच सांगितला नाही आणि आप्पांना तो कळलेला असायचा, कारण कन्नड त्यांना येत होतंच. तरी आम्ही दोघं तसंच चालू ठेवायचो.

त्यातून एक झालं. दोन मोठे भाऊ असून घरातल्या कागदाला हात मी लावायची, त्यामुळं हळूहळू आप्पा जमिनीच्या व्यवहारात, मग कर्जात, मग घर बांधताना मला विचारायला लागले. आमच्या गल्लीत कुठल्याच मुलीला असं कुणी विचारत नव्हतं. भाषेनं मला घरात तोंड दिलं, हे मी मान्य करते आणि त्याबद्दल मी कायम ऋणी राहीन. पण त्याची किंमत कोणी दिली तेही मी बघितलंय. आजी आजारी पडली तेव्हा दवाखान्यातले डॉक्टर बाहेर गावचे, कन्नड आणि इंग्रजीच. मोठं कुणी जवळ नव्हतं आणि आजीचं काय झालंय, किती दिवस आहेत, हे त्यांनी मला सांगितलं, मी नववीत होते, आणि म्हणाले आजीला सांग. मी कॉटजवळ गेले, आजीनं विचारलं काय म्हणतेत गं डाक्टर? मी तिला सगळं खरं सांगितलं, ती म्हणाली बरं झालं तू सांगितलंस, दुसऱ्या कुणाकडून ऐकलं असतं तर भ्याले असते. ती तशी म्हणाली म्हणून मी सावरले. पण नववीतल्या पोरीवर हे यायला नको होतं, आणि आज पण रोज कुठल्या ना कुठल्या वॉर्डात कुणाच्या तरी पोरावर हेच येतंय. मराठी घरांतल्या पोरांवर येतं, तसंच कोल्हापूर-सांगलीच्या दवाखान्यात गेलेल्या कन्नड घरांतल्या पोरांवर येतं.

कागद मराठीत मिळावेत ही मागणी जुनी आहे, ती माझीही आहे आणि ती सोडायचं काहीच कारण नाही. ती मान्य होईल तेव्हा होईल. तोपर्यंत प्रत्येक मोठ्या दवाखान्यात, तहसीलदार ऑफिसात, त्याखालच्या महसूल ऑफिसात म्हणजे नाडकचेरीत एक माणूस असा बसवायला काय हरकत आहे ज्याचं कामच हे, की दोन्हीकडचं नीट ऐकायचं आणि नीट सांगायचं. अशी माणसं इथं पैशाला पासरी आहेत, वॉर्डातल्या आया, गेटवरचे वॉचमन, कँटीनवाले, सगळ्यांना कन्नड, मराठी, हिंदी, कुणाला उर्दू, खानापूरकडच्यांना कोकणी पण येते. आज सुद्धा तेच लोक ये-जा करता करता, आपली ड्युटी सांभाळून, फुकट हे काम करतायत. त्यांना टेबल द्या, खुर्ची द्या, ह्या कामाचा वेगळा पगार द्या, आणि त्या टेबलावर लिहा की पेशंटच्या पोरांना पुढं करू नका, आधी इथं या.